बुडवणीच्या कपाचा नमुना

निर्णय अवघड असला की मी तक्ता करते. ही सवय मला प्रयोगशाळेने लावली आणि रसायनशास्त्रात एम.एस्सी. करताना ती पक्की झाली. उभ्या रकान्यांत पर्याय, आडव्या ओळींत निकष, प्रत्येक निकषाला त्याच्या महत्त्वाप्रमाणे गुण. बेरीज करायची आणि ज्याची बेरीज जास्त तो पर्याय स्वीकारायचा. पुण्यातली नोकरी सोडून साताऱ्याला घरी परतायचे का, हेही मी असेच ठरवायला बसले होते. बेरीज नोकरीच्या बाजूने आली. तरीही मी परतले. म्हणजे तक्त्याचे ऐकलेच पाहिजे असे नाही, हे मला तेव्हापासून ठाऊक होते. पण तक्ता करणे काही सुटले नाही.

परतण्याचे कारण एक कप होता. माझ्या आत्याची तासगाव तालुक्यात द्राक्षाची बाग आहे, मांडवाची. म्हणजे वेली डोक्यावरच्या तारांवर पसरलेल्या आणि घड वरून खाली लोंबणारे. मणी बाजरीएवढे झाले की एकदा आणि ते हरभऱ्याएवढे व्हायच्या आत पुन्हा एकदा, असा प्रत्येक घड संजीवकाच्या पाण्यात बुडवावा लागतो. त्याने मणी फुगतो. हे काम बायका करतात. बादलीतून प्लास्टिकचा मग भरून घ्यायचा, घडाखाली नेऊन वर उचलायचा, घड पुरता बुडवायचा, तो खाली घेऊन तारेला टिचकी मारायची, म्हणजे टोकाला साचलेला थेंब गळून पडतो. की पुढचा घड. हात सतत वर असल्यामुळे मगाच्या काठावरून ओघळलेले पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आणि तिथून काखेत उतरते. बायका साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, मनगटावर सायकलच्या ट्यूबचे रबर आवळतात. तरी दिवस सरेपर्यंत हात पांढुरका आणि खाजरा झालेला असतो.

दिवाळीच्या सुट्टीत आत्याकडे गेले की लहानपणापासून मी हे पाहत आले होते. शिकून झाल्यावर पुन्हा पाहिले तेव्हा त्यात मला भूमितीचा एक प्रश्न दिसला. काठाला आतल्या बाजूने वळलेली मऊ कॉलर असेल तर ओघळ बाहेर न पडता कपातच परतेल, हात कोरडा राहील आणि संजीवकही वाया जाणार नाही. कागदावर हा कप मी तीन दिवसांत काढला.

कागदावरून तो बायकांच्या हातात जायला नमुना हवा होता, आणि त्यासाठीचा वेळ माझ्या हातात नव्हता. आत्याच्या बागेत पहिली बुडवणी दोन दिवसांची, दुसरी दोन दिवसांची, मध्ये सहा दिवस. तेवढ्यात आकार पक्का झाला नाही तर घड वाढून जाणार आणि पुढचा घड वर्षाने दिसणार. वर्षभराच्या पिकावर माझा प्रयोग करू देईल असा दुसरा बागाईतदार मला माहीत नव्हता. आत्याने परवानगी दिली ती मी तिची भाची म्हणून. मी स्वतःला एकच हंगाम दिला होता. तो हुकला तर नोकरीच्या शोधात पुन्हा पुण्याला, असे मी घरी सांगून ठेवले होते, आणि आमच्या घरात एकदा सांगितलेले विसरले जात नाही.

नमुना कशाचा करावा, याचा तक्ता मी केला. थ्रीडी प्रिंटिंग, सिलिकॉनचा साचा, लाकडी पॅटर्नवर तापवलेला प्लास्टिकचा पत्रा ओढून केलेला कप, आणि एकदम कारखान्यातला पोलादी डाय. डाय पहिल्याच फेरीत गळाला; त्यात एकदा चूक झाली की ती चूक हजारांनी तयार होते. पत्र्यासाठी आधी पॅटर्न हवा आणि पॅटर्नसाठी आधी पक्का आकार हवा. सिलिकॉन मऊ, पण वेळखाऊ. अचूकता, वेळ, मजबुती, फिनिश अशा सगळ्या ओळींची बेरीज प्रिंटिंगच्या बाजूने आली, आणि या वेळी मी तक्त्याचे ऐकायचे ठरवले.

माझे वडील फौजेतून निवृत्त झालेले. मी टेबलावर मान घालून बसलेली पाहून ते दारात थांबले.

"रेकी केलीस का?"

"आप्पा, कप करायचाय. चौकी नाही घ्यायची."

"एकच ते. आमाला नवीन बूट आला की पहिल्या रूटमार्चला सगळी पलटण बुटाला शिव्या घालायची. तवा कुठं वरचे लोक बूट सुधारायचे. तुझ्या कपाला कोणी शिव्या दिल्या का आजून?"

"त्यासाठीच तर नमुना करतेय."

"मग ठीक. शिव्या मिळाल्या की फोन कर."

साताऱ्यातल्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेत यंत्र होते. एक कप छापायला जवळजवळ पूर्ण दिवस लागला. पोपटी रंगाचा, काठाला लवचीक कॉलर, बोटांसाठी चार खाचा असलेली मूठ. मी तो बारीक पॉलिश पेपरने घासला, पाणी झिरपू नये म्हणून त्यावर दोन हात लेप दिला आणि मग कऱ्हाड, विटा, तासगाव अशा तीन एसटी बदलत मांडीवर धरून आत्याच्या दारात आणला. तो सुंदर झाला होता. हे मी आजही म्हणेन.

आत्याने तो माझ्या हातातून घेतला तो थेट देवापुढे ठेवला.

"आत्या, हा नुसता नमुना आहे. तो मोडायचा आहे."

"मोडू दे तुझ्या वैऱ्याचा," आत्या म्हणाली आणि करंडा शोधायला लागली.

आमच्याकडे खंडेनवमीला कोयता, कात्री, फवारणीचे यंत्र, ट्रॅक्टर सगळे पुजले जाते. पण नवे अवजार घरात आले तर त्यासाठी कोणी खंडेनवमीपर्यंत थांबत नाही. ते त्याच दिवशी पुजायचे. कपाला हळद-कुंकू लागले, समोर नारळ फुटला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर आला. मी तो खाल्ला. यात काही चुकते आहे असे मला अजिबात वाटले नाही. उलट, माझ्या कामाची घरात कोणी एवढी दखल घेतली याचा आनंदच झाला.

बागेत सहा बायकांची टोळी आली होती. त्यांची मुकादम पन्नाशीची, उंच आणि आवाजाने खणखणीत. तिला मी मावशी म्हणते. मावशीने आधी पदराला हात पुसले आणि मगच कप घेतला.

"लय देखणं हाय गं. इकत आणलंस?"

"नाही, मी केलाय."

"तू? बगा गं, आमच्या पोरीनं केलंय ह्ये!"

कप सहा जणींच्या हातांतून फिरला. प्रत्येकीने आधी हात पुसले. मावशीने तो भरला, एक वेल बुडवली, मला वहीत दोन ओळी लिहिण्याइतका वेळ दिला आणि मग कप मांडवाच्या लोखंडी खांबाला अडकवून स्वतःचा मग उचलला.

"का, मावशी?"

"वापरतोय की. जरा ऊन चढू दे."

ऊन चढले, उतरले. कप खांबालाच होता. दुसऱ्या दिवशीही तेच. मध्ये एकदा मावशीने तो काढला, पदराने पुसला आणि पुन्हा अडकवला. मी प्रत्येकीला विचारले: जड आहे का, मूठ रुतते का, घड नीट जातो का? उत्तर एकच यायचे. "न्हाई गं, काय खोट काढायची त्यात?" माझ्या वहीतल्या निरीक्षणांच्या तक्त्यात दोन दिवसांत एकही टीका नव्हती. प्रयोगशाळेत मी असा निकाल पाहिला असता तर आधी उपकरण तपासले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी उपकरण तपासले, म्हणजे मावशीने माझ्या कपाने बुडवलेल्या त्या एकाच वेलीखाली जाऊन बसले. जमिनीवर बाजरी सांडावी तसे हिरवे मणी पडले होते. शेजारच्या वेलीखाली तसे काही नव्हते. कॉलर घडाच्या खांद्यांना घासत होती.

"मावशी, मणी गळलेत."

"व्हय."

"तुम्हाला दिसलं होतं?"

"पैल्याच घडाला."

"मग बोलला का नाही?"

मावशीने हातातला मग बादलीत सोडला. "आता तुज्या आत्यानं नारळ फोडला. तू साताऱ्यासनं मांडीवर घिऊन आलीस. आन मी म्हणू व्हय, तुजं मणी पाडतंय म्हणून?"

मागच्या रांगेतून टोळीतली सगळ्यात लहान बाई हसली. ती डावरी होती. सगळ्या उजव्या हातांच्या ओळीत तिचा डावा हात लांबूनही ओळखू यायचा. "आवं ताई, त्याला कुक्कू लागलंय. त्याला शिवी कशी द्यायाची?"

"मग काठ कापून टाकूया," मी म्हणाले आणि पिशवीतून कटर काढला.

"आगं आगं आगं!" आत्या बांधावरून धावत आली. "पुजलेल्याला सुरी लावतीस?"

सहाही जणी माझ्याकडे अशा बघत होत्या की मी कटर मिटवला. तो कप मग आत्याने घरी नेला. आजही तो तिच्या देवघरात आहे आणि त्यात उदबत्त्यांची पुडकी असतात.

पहिली बुडवणी अशी गेली. माझ्याकडे एक गळलेल्या मण्यांची वेल आणि सहा दिवस होते. मी रागावले नव्हते असे म्हणणार नाही. पण राग कोणावर धरायचा हे ठरत नव्हते, कारण सगळ्यांनी माझा मानच राखला होता.

टोळीचा चहा बांधाला तीन दगडांच्या चुलीवर व्हायचा. त्या संध्याकाळी, ऊन अजून मांडवावर असताना, मावशीने आपला मग पुढ्यात घेतला. त्याचा काठ एका बाजूने तडकला होता. तिने विळ्याचे टोक निखाऱ्यात धरले, फडक्याने मूठ पकडली आणि मगाच्या काठावरून विळा फिरवला. प्लास्टिकचा वास आला आणि काठ तिरपा कापला गेला. कोणाला विचारणे नाही, मोजणे नाही, थांबणे नाही.

"तिरपा का कापला, मावशी?"

"तडा तितपत्तूर गेल्ता." मग थोडा विचार करून ती म्हणाली, "आन पाणी ह्या अंगानं उतरतंय न्हवं? कोपराच्या. म्हणून हिकडची बाजू उंच ठेवली. तिकडनं सांडलं तर भुईवर सांडंल, त्यात काय."

मी तिला मग तसाच धरून हात वर करायला सांगितले. माझ्या रेखाचित्रात कप नेहमी घडाखाली सरळ उभा वर जात होता. मावशीचा मग सरळ वर जातच नव्हता. तो काड्यापानांच्या मधून बाजूने शिरत होता, कलता, आणि कलताच बाहेर येत होता. गोल, सगळीकडे सारख्या उंचीचा काठ हा फक्त माझ्या कागदावरच्या हालचालीला योग्य होता. हे तिच्या हाताला माहीत होते आणि तिने ते आपल्या मगावर, विळ्याने, अर्ध्या मिनिटात करून दाखवले होते. माझ्या देखण्या कपावर तिने ते कधीच केले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत गेले. तिथे फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणारे एक मिस्त्री मला माहीत होते. वाटले, तिरपा काठ धरून थेट पॅटर्न करून घेतला आणि त्यावर पत्रा ओढला, तर सहा दिवसांत सहा कप होतील. मिस्त्रींनी माझे चित्र चष्मा वर करून पाहिले, मग चष्मा खाली करून पाहिले.

"आकार पक्का हाय?"

"जवळपास."

"जवळपासचं लाकूड नसतंय, बाई." त्यांनी कागद परत दिला. "सागाची ढलपी उडाली की परत चिकटत न्हाई. पक्कं करा, मग या. चार दिवसांत हातात देतो."

त्यांच्या दारातल्या बाकड्यावर बसून मी तक्ता पुन्हा मांडला. या वेळी त्यात एक नवी ओळ घातली: वस्तू कापायला कोण धजेल? तिला सगळ्यात जास्त गुण ठेवले. प्रिंटिंगला त्या ओळीत शून्य मिळाले, सिलिकॉनलाही, पत्र्यालाही. त्या वेळी तक्त्यात नसलेला एक पर्याय मला समोरच्या वडापावच्या गाड्याखाली दिसत होता. दोन लिटरचे, कान असलेले, तेलाचे रिकामे कॅन.

असे सहा कॅन मी गोळा केले. औषधाचे कॅन बागेतच भरपूर पडलेले होते, पण ते वापरायचे नाहीत हे मी आधीच ठरवले होते. तेलाचे कॅन सोड्याने धुतले, झाकण घट्ट लावून उलटे धरले आणि वर आलेला तळ कापून टाकला. म्हणजे पकडायला कान राहिला आणि वर उघडे तोंड मिळाले. प्रत्येकात मी एकच बदल केला. एकाचा काठ उंच, एकाचा बुटका, एकाचा कमी तिरपा, एकाचा जास्त तिरपा, एकाचे तोंड दाबून अरुंद केलेले, आणि एक सरळ, तुलनेसाठी. सहाही कॅनना स्कूटरच्या ट्यूबची कॉलर सुतळीने शिवली, कारण कॉलर हा माझ्या कल्पनेचा गाभा होता. मार्करने एक ते सहा आकडे घातले. लेबले मात्र मुद्दाम काढली नाहीत. अर्धवट फाटलेल्या लेबलावर सूर्यफूल हसत होते.

आत्याने ओसरीवर त्यांची रांग पाहिली. "हे काय भंगार गोळा केलंस?"

त्या शब्दाने मला जितके बरे वाटले तितके आधीच्या सगळ्या कौतुकाने वाटले नव्हते. ती करंडा आणायला गेली नाही.

दुसरी बुडवणी सुरू झाली तेव्हा मी सहा जणींना सहा कॅन दिले आणि योजना सांगितली. एकेकीने एक तास एक कॅन वापरायचा, मग आकड्याप्रमाणे पुढचा घ्यायचा, आणि काय खटकले ते मला सांगायचे. मावशीने योजना पूर्ण ऐकून घेतली. पहिली वेल संपायच्या आत ती योजना मोडली.

"ह्येचं तोंड बारकं हाय, घड अडकतोय."

"आगं माझं तर अंगावर उपडं हुतंय. कुणी केलं ह्ये?"

"ताईंनी."

"ताई, कवा हातात बादली धरलीसा का?"

"माझ्याकडचं बदल गं. तुझं बरं दिसतंय."

"दिसतंय, पण हाय कुठं? बघ, गेलं काखंत."

मी लिहीत होते आणि लिहिणे पुरे पडत नव्हते. डावरीने तिसऱ्या क्रमांकाचा कॅन हातात फिरवून पाहिला, आणि उंच बाजू नेमकी तिला नको तिकडे आहे असे दिसल्यावर चुलीकडे जाऊन विळा तापवला. तिच्यामागून दोघी गेल्या. मी बांधावरून ओरडले, "अहो, थांबा, आधी मोजू द्या!" मावशी म्हणाली, "मोज की. कापल्यावर मोज."

चहाच्या वेळेपर्यंत माझा प्रयोग शास्त्रीय अर्थाने संपला होता. एकावेळी एकच बदल, हे त्याचे मूळ तत्त्व; आता प्रत्येक कॅनमध्ये तीन-तीन बदल होते, आकडे कापलेल्या तुकड्यांबरोबर चुलीत गेले होते, आणि कोणती बाई कोणत्या कॅनने काम करते आहे हे मला सांगता येत नव्हते. मावशी माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या हातात रबराची एक पट्टी होती.

"ह्ये गळपट्टं कशाला लावलंस?"

"पाणी आत परतावं म्हणून. तीच तर मुख्य गोष्ट आहे, मावशी."

"घडाला फास बसतोय त्येनं. मणी पाडतंय ते ह्येच." तिने पट्टी माझ्या मांडीवर ठेवली. "बाकीचं बरं हाय. ह्ये तेवढं न्हाई."

मांडवाखाली पाहिले तर आणखी चार कॉलरी जमिनीवर होत्या. सहावीच्या मालकिणीने सुतळी उसवून तिची पट्टी काठावर दुमडून बसवली होती, फक्त बुटक्या बाजूला, जिथे घडाचा खांदा टेकतो तिथे; आणि तिच्या वेलीखाली मणी पडले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी इतर पाच जणींनी आपापल्या पट्ट्या घेऊन तशाच बसवल्या. ज्या कॉलरसाठी मी नोकरी सोडली होती ती आता काठाची नुसती किनार झाली होती. मी वहीत तेवढेच लिहिले आणि त्याखाली रेघ मारली. मला वाईट वाटायला हवे होते. थोडे वाटलेही; पण त्याच वेळी मी वेलीखाली वाकून मणी शोधत होते आणि ते सापडत नव्हते, त्यामुळे वाईट वाटण्याकडे पूर्ण लक्ष देता आले नाही.

त्याच दिवशी, दुपार व्हायच्या जरा आधी, मी पाणी प्यायला मांडवाच्या टोकाला गेले. तिथल्या तारेला सायकलच्या ट्यूबची रबरे अडकवलेली होती. मोजली, सहा जोड्या होत्या. कोणी काही बोलले नव्हते, मला हाक मारली नव्हती. प्रत्येकीने कधीतरी मनगटावरचे रबर काढून तिथे टाकले होते, कारण ते लागत नव्हते. मावशीने तर शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडल्या होत्या. मी आप्पांना फोन केला.

"शिव्या मिळाल्या," मी म्हणाले.

"किती?"

"मोजता आल्या नाहीत."

"शाब्बास," ते म्हणाले. "आता आवाज बरा येतोय तुझा."

बाग दुपारी उरकली. तेव्हा सहाही कॅन आत्याच्या ओसरीच्या कठड्यावर ओळीने ठेवायला मी सांगितले, आणि पहिल्यांदा ते एकत्र पाहिले. कोणाचा काठ सफाईने कापलेला, कोणाचा दातेरी, कोणाचा अर्धा काळवंडलेला. पण उंच बाजू आणि बुटकी बाजू यांतला फरक सहाही ठिकाणी जवळजवळ तेवढाच, माझ्या चार बोटांएवढा. आणि प्रत्येकाच्या बुटक्या बाजूला मधोमध एक उथळ खाच कापली होती, जादा पाणी तिथूनच भुईवर सुटावे म्हणून. माझ्या सहा आकारांपैकी एकातही ती नव्हती. त्यांनी एकमेकींचे पाहून केले असेल, अशी शंका मला साहजिकच आली. पण डावरीचा कॅन इतरांच्या नेमका उलट होता, आरशात पाहावा तसा. तिला नुसती नक्कल करून तो मिळाला नसता. तिने तो स्वतःच्या हातासाठी शोधला होता, आणि तो इतर पाचांशी जुळत होता.

मी मोजपट्टी आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा कठडा रिकामा होता. टोळीला न्यायला टेम्पो आला होता, कवठे महांकाळकडच्या एका उशिरा छाटलेल्या बागेत, आणि मावशी कॅन बादलीत रचत होती.

"मावशी, ते मला हवेत!"

"तुझं काम झालं की. आमची बाग हाय उद्या."

"पण तेच तर नमुने आहेत. मिस्त्रींना दाखवायचेत."

"मग आमी काय, जुन्या मगानं बुडवायचं?" मावशीने बादली कमरेला लावली. "हात बघ माझा. बघ की. कवा न्हवता असा."

मी हात पाहिला. कोपरापर्यंत कोरडा होता. त्या हाताकडून मी बादली कशी मागणार?

"वीस मिनिटं द्या," मी म्हणाले.

"ड्रायव्हर बोंबलतोय."

"त्याला चहा दे, आत्या."

आत्याची स्कूटर घेऊन मी गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि छताला मारायच्या पीओपीची पिशवी आणली. सहा कॅनमध्ये अर्ध्यापर्यंत ओली माती दाबली, वरच्या भागाला आतून गोडेतेल लावले, काठ समपातळीत येईल असे कॅन विटांना टेकवून कलते ठेवले, खाचेला बाहेरून माती लिंपली, घमेल्यात पीओपी कालवली आणि काठापर्यंत ओतली. मावशी टेम्पोच्या फाळक्यावर पाय हलवत बसली. ड्रायव्हर दोनदा चहा प्यायला.

"ही आता लाडू वळतीय," टेम्पोतून कोणीतरी म्हणाले.

"लाडू न्हाई, गणपती करतीय. सहा एकदम."

"ताई, वाळलं का?"

"हात लावू नका. अजून पाच मिनिटं."

त्या पाच मिनिटांत मी मिस्त्रींना फोन लावला. पलीकडे करवतीचा आवाज होता; तो थांबेपर्यंत मी थांबले.

"आकार पक्का झाला," मी म्हणाले. "दोन पॅटर्न लागतील. एक उजव्या हाताचा, एक डाव्या."

"डाव्या हाताला कोण इकत घेतंय?"

"एक बाई तर आत्ताच मागून घेऊन चाललीय."

"उद्या फिरवणार न्हाई न्हवं?"

"नाही."

"जवळपास म्हणला हुता मागच्या खेपेला."

"आता जवळपास नाही, मिस्त्री. पक्का."

"मग या उद्या. साग काढून ठेवतो."

पीओपी घट्ट होताना तापते. कॅनच्या बाहेरून हात लावला की ती ऊब कळते, आणि ऊब कमी व्हायला लागली की ठोकळा सुटायला तयार असतो. एकेक कॅन उलटा करून मी तळहाताने थोपटला. पांढरा, कोमट ठोकळा तिरप्या काठासकट बाहेर आला, मागोमाग माती. आत्याने तो धरायला परात पुढे केली. रिकामा कॅन प्रत्येकीने माझ्या हातातून घेतला, नळाखाली विसळला आणि टेम्पोत चढली. डावरी शेवटी आली. तिच्या ठोकळ्याचा एक कोपरा जरा मोडला होता.

"माझंच मोडलं व्हय?"

"दुरुस्त होतंय," मी म्हणाले.

"मग ठीक," ती म्हणाली आणि कॅन घेऊन गेली. टेम्पो वळणापर्यंत गेल्यावर मी परातीत सहाही ठोकळ्यांवर पेन्सिलने आकडे घातले, आणि कोमटपणा जायच्या आत मोजमापे घ्यायला बसले.